उत्तर दिलेली पत्रं

नव्या कॉम्प्युटरच्या मते माझ्या सगळ्या फाइली एकाच रविवारी जन्मल्या. कुठल्याही फाइलीचे गुणधर्म उघडून बघा, निर्मितीची तारीख त्या रविवारची, वेळ दुपारी चार ते रात्री अकराच्या मधली. त्याच्याच खाली शेवटच्या बदलाची तारीख २००६ ची नाहीतर २०११ ची. म्हणजे फाइलीत आधी बदल झाले आणि मग दहा-वीस वर्षांनी ती जन्माला आली. यात चूक कोणाचीच नाही. एका डिस्कवरून दुसरीवर फाइल उतरवली की विंडोजच्या लेखी तिथं एक नवी फाइल तयार होते, म्हणून जन्मतारीख आजची. आतला मजकूर कधी बदलला ती तारीख मात्र ते जशीच्या तशी आणतं. हे सगळं कळूनही मी त्या उलट्या तारखांकडे बराच वेळ बघत बसले होते.

जुना कॉम्प्युटर बिघडला नव्हता. विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, आणि पुढच्या आवृत्तीला लागणारी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय माझ्या यंत्रात नव्हती. वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवारासारखी त्याची गत झाली. काम येतं, पण फॉर्म भरता येत नाही. मग नवं आलं, आणि मी एक अख्खा रविवार मोकळा ठेवला. एका रविवारात होईल असं मला वाटलं होतं, हे इथं मुद्दाम लिहून ठेवते.

आधीची दोन स्थलांतरंही मीच केली होती, आणि दोन्ही वेळा घाईत. त्याचा पुरावा डेस्कटॉपवरच होता. 'जुन्या डेस्कटॉपचं सगळं' नावाचा फोल्डर, त्यात 'डेस्कटॉप', त्यात 'जुन्या डेस्कटॉपचं सगळं', त्यात 'लावायचं आहे', त्यात 'नवीन फोल्डर (२)'. डबीत डबी. तळाशी काय, तर २००५ चं एक विजेचं बिल आणि तेच बिल पुन्हा एकदा, नावाच्या शेवटी 'प्रत'. विंडोजच्या पुष्कळ प्रोग्रामांना अजूनही २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता झेपत नाही, आणि माझ्या पसाऱ्यानं ती हद्द दोन ठिकाणी ओलांडली होती. कॉपी तिथं अडली. फोल्डरची नावं आखूड करत मी वर वर येत गेले, तेव्हा कुठं ती पुढं सरकली. पसारा इतका खोल जाऊ शकतो की त्याला नाव घेऊन हाक मारता येत नाही, हे मला नवीन होतं.

फोटोंचं फार सांगत नाही. ते जास्त असतात, पण गरीब असतात. काढल्याची तारीख त्यांच्या पोटातच लिहिलेली असते, त्यामुळे बाहेरच्या तारखा कितीही विस्कटल्या तरी पुन्हा ओळीनं लावता येतात. एका कॅमेऱ्याचं घड्याळ मी कधी लावलंच नव्हतं, त्याचे तेवढे सगळे फोटो एका वेगळ्याच वर्षात जाऊन बसले आहेत. बसू देत.

अडचण आली ती आत्याच्या पत्रांपाशी.

माझी आत्या निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकली आणि २००४ पासून मला पत्रं लिहू लागली. तेव्हा मेलमध्ये थेट मराठी लिहिणं तिला जमत नव्हतं, म्हणून ती वर्डमध्ये पत्र टाइप करायची आणि मेलला जोडून पाठवायची. मेलमध्ये रोमन अक्षरांत एकच ओळ असायची, 'पत्र जोडले आहे, वाचावे.' मी ती पत्रं इमानानं 'आत्या' नावाच्या फोल्डरात साठवली होती. एकूण चौसष्ट. नव्या कॉम्प्युटरवर त्यातलं पहिलं उघडलं आणि पानभर कंस, टक्क्याची चिन्हं, स्वल्पविराम आणि डोक्यावर टिंबं असलेली युरोपी अक्षरं.

ज्यांनी त्या काळात मराठी टाइप केलं आहे त्यांना कारण माहीत आहे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा पद्धतींत कॉम्प्युटरच्या पोटात देवनागरी नसायचीच. पोटात रोमन अक्षरांचे आकडे, आणि फॉन्ट त्या आकड्यांवर मराठी अक्षरांची चित्रं चढवायचा. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळतो. युनिकोड ही प्रत्येक लिपीच्या अक्षरांना त्यांचे स्वतःचे आकडे देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी अगदी पहिल्या आवृत्तीपासून, १९९१ पासून आहे, पण ती आत्याच्या टेबलापर्यंत पोचायला २००८ उजाडलं. तोवरची चौसष्ट पत्रं मुखवट्यातली.

फॉन्टची फाइल जुन्या कॉम्प्युटरवर सापडली, ती टाकली, अक्षरं परत आली. पण हा फॉन्ट पुढच्या यंत्रावर चालेल न चालेल, म्हणून पत्रं युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. त्यासाठी फॉन्ट-परिवर्तक मिळतात. त्यातला एक वापरला, आणि तिसऱ्याच ओळीत 'मािहती' असा शब्द दिसला. खाली 'सूयर्'. आणखी खाली 'कायर्क्रम'.

चूक बघायला विचित्र आहे, पण तिला तर्क आहे. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, जुन्या फॉन्टमध्ये ती टाइपही आधीच व्हायची, नजरेला दिसते त्या क्रमानं. युनिकोड उच्चाराच्या क्रमानं चालतं. आधी 'ह', मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलट. डोक्यावर असतो म्हणून तो जुन्या पद्धतीत शेवटी टाइप करायचा, आणि उच्चारात आधी येतो म्हणून युनिकोडमध्ये आधी. परिवर्तकाला नुसतं अक्षरामागे अक्षर बदलून चालत नाही, काहींना उचलून पलीकडे बसवावं लागतं. माझा परिवर्तक अधूनमधून ते विसरत होता.

ठीक आहे, म्हटलं, वाचत जाऊ आणि दुरुस्त करत जाऊ. 'सूयर्'चं 'सूर्य' करायला विचार लागत नाही. पण मग 'पाउस' आला. ह्रस्व उ. पुढच्या पत्रात पुन्हा 'पाउस', त्याच्या पुढच्यात 'भाउ', 'उन', 'जाउ'. आता हा घोळ परिवर्तकाचा, की आत्याचा? आत्या शुद्धलेखनाच्या बाबतीत अशी, की कोणाच्याही लग्नाची पत्रिका आली की आधी लाल पेन्सिल हातात घेणार. तिच्या हातून 'पाउस' होणं शक्य नाही. पण जुना फॉन्ट लावून मूळ फाइल बघितली तर तिथंही 'पाउस'. दुरुस्त करावं का? मी चार पत्रांत केलं, पाचव्यात हात थांबला आणि चारही पुन्हा होतं तसं केलं. हे तिलाच विचारायला हवं होतं.

तोवर इकडे मेलची कॉपी सुरू केली होती, आणि इथून पुढचं सगळं माझ्या हातून झालेलं आहे.

२००८ नंतर आत्या थेट मेलमध्ये मराठी लिहायला लागली. वर्डची फाइल नाही, जोडणं नाही. मीही साठवणं सोडून दिलं. मेल तर आहेच की इनबॉक्समध्ये. माझं खातं पीओपी पद्धतीचं होतं. या पद्धतीचा पहिला मसुदा १९८४ चा, फोनच्या तारेवरून तेवढ्यापुरतं जोडून घ्यायचं, आपली पत्रं उचलायची आणि तार मोकळी करायची, अशा दिवसांतला. पत्रं उतरवून झाली की सर्व्हरवरून पुसायची, हा सर्वसाधारण रिवाज. त्यात वेडगळ काही नव्हतं, कारण सर्व्हरवर जागाच नसायची. १ एप्रिल २००४ ला जीमेलनं १ जीबी जागा फुकट देऊ केली तेव्हा तारीख बघून कित्येकांना ती थट्टा वाटली. त्या वेळी हॉटमेलच्या फुकट खात्याला २ एमबी मिळत होती. तर माझी सगळी पत्रं फक्त माझ्या डिस्कवर, आणि अख्खा इनबॉक्स म्हणजे एकच एक फाइल. पत्रामागे पत्र जोडलेलं, लांबच लांब कागदाच्या गुंडाळीसारखं. आकार ६ जीबीच्या वर.

पेन ड्राइव्हवर मेलच्या फोल्डरातल्या बाकीच्या लहानसहान फाइली मुकाट्यानं गेल्या. इनबॉक्स गेला नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं आखलेला, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावतच नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी. एक्सएफएटीमध्ये पुन्हा आखला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मी मात्र हुशारी केली. म्हटलं, इनबॉक्सच लहान करू.

मेल प्रोग्राममध्ये त्यासाठी सोय असते. आपण पत्र पुसतो तेव्हा ते फाइलीतून जात नाही, त्याच्यावर फक्त काट मारली जाते. आटोपशीर करायला सांगितलं की प्रोग्राम दुसरी एक तात्पुरती फाइल उघडतो, काट न मारलेली पत्रं तीत ओळीनं उतरवतो, मग जुनी फाइल पुसतो आणि नवीला तिचं नाव देतो. मी बटण दाबलं. डिस्क घरघरू लागली. वीस मिनिटं, अर्धा तास. खिडकी पांढुरकी पडली, वर 'प्रतिसाद देत नाही'. आणखी दहा मिनिटं थांबले असते. नाही थांबले. पॉवरचं बटण दाबून धरलं.

पुन्हा सुरू केलं तेव्हा इनबॉक्स रिकामा होता. फोल्डरात बघितलं तर 'इनबॉक्स' नावाची शून्य आकाराची फाइल, आणि शेजारी कसल्यातरी अर्धवट नावाची, नावात 'टीएमपी' असलेली, पाच जीबीची एक धोंड. तात्पुरती म्हणजे कचरा, हे इतक्या वर्षांत डोक्यात पक्कं बसलेलं. कचऱ्यानंच जागा अडवली आहे म्हणून काम अडलं, अशी मी समजूत करून घेतली आणि ती शिफ्ट दाबून पुसली. शिफ्ट दाबून, म्हणजे कचराटोपलीचा थांबासुद्धा नाही. मग दुसरा एक फोल्डर त्या डिस्कवर उतरवून घेतला. मग बसून विचार केला, की प्रोग्राम जुनी फाइल पुसून नवीला नाव देण्याच्या अगदी बेतात असताना मी वीज तोडली असणार. ती धोंड म्हणजेच माझा इनबॉक्स होता. नाव मिळायचं राहिलं होतं, एवढंच.

पुसलेली फाइल डिस्कवरून लगेच जात नाही, तिची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. खरं नुकसान त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की होतं, आणि ते मी करून बसले होते. फाइली परत मिळवून देणारा प्रोग्राम रात्रभर चालवला. सकाळी हाती तुकडे आले, हजारो, कुठूनही सुरू होणारे आणि कुठंही तुटणारे.

ते तुकडे मी साध्या नोटपॅडमध्ये उघडले. मेलमधला मराठी मजकूर सहसा मराठीत नसतोच. मेलची व्यवस्था साध्या रोमन अक्षरांसाठी बांधलेली, त्यामुळे बाकी सगळं बहुतेक वेळा बेस-६४ नावाच्या पद्धतीनं रोमन अक्षरांत गुंडाळून पाठवतात, तीन बाइटची चार अक्षरं करून. आणि युनिकोड साठवायच्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइटचं. म्हणजे एका चिन्हाला चार रोमन अक्षरं, आणि शब्द पहिलाच असेल तर ती चौकडी नेहमी सारखीच सुरू होते. चारचा आकडा, मोठा के, आणि मग एस किंवा डब्ल्यू. स्वर, व्यंजनं, काना, पहिली वेलांटी यांना एस. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडला असेल तर डब्ल्यू. मध्ये एक मोकळी जागा आली की घडी सरकते आणि खूण बदलते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी अर्थ न लावता नुसत्या नजरेनं मराठी ओळखायला लागले होते. चार-के-एस, चार-के-एस, चार-के-डब्ल्यू. इथं कोणीतरी मराठीत बोलत होतं. सोडवून बघितलं तर बहुतेक वेळा कार्यालयीन परिपत्रक निघायचं.

आत्याचे असे अकरा तुकडे मिळाले. सगळ्यात लांब तीन परिच्छेदांचा, सगळ्यात लहान 'आणि मग तो म्हणाला, की' एवढाच.

'पाठवलेले' नावाची फाइल मात्र धडधाकट होती. तिच्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं, कारण तिथं माझीच पत्रं, ती कोणाला हवीत? पण उत्तर लिहिताना मूळ पत्र खाली आपोआप चिकटतं, प्रत्येक ओळीच्या आधी बाणाचं टोक लावून. माझ्या चार ओळींच्या निर्जीव उत्तराखाली ('पत्र मिळालं, छान वाटलं, सध्या गडबड आहे, सविस्तर नंतर लिहिते') आत्याचं दीड पानांचं पत्र अख्खंच्या अख्खं. मी एकेक उघडत गेले. सविस्तर नंतर मी कधीच लिहिलेलं नाही, तेही ओघानं दिसत गेलं.

मध्ये साधारण वर्षभराचा एक पट्टा आहे, त्यात अवतरणं कापलेली आहेत. तेव्हा मला मेलच्या शिष्टाचाराचं वेड लागलं होतं. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचं आरएफसी १८५५ नावाचं १९९५ चं एक टिपण आहे, त्यात लिहिलंय, की उत्तर देताना मूळ पत्रातलं संदर्भापुरतंच ठेवावं. मी अगदी तसंच केलं. त्या वर्षातल्या आत्याच्या पत्रांच्या प्रत्येकी दोन ओळी शिल्लक आहेत.

एकूण किती पत्रं होती तेही कळलं. इनबॉक्सची सूची वेगळ्या लहान फाइलीत असते, आणि ती आधीच पेन ड्राइव्हवर जाऊन बसली होती. विषय, तारीख, पाठवणारा. आत पत्र नाही. विषय आत्या शेवटपर्यंत रोमन अक्षरांत लिहायची, कारण पूर्वी मराठी विषयाची प्रश्नचिन्हं व्हायची आणि तिनं एकदा भोगलं की पुन्हा विश्वास ठेवला नाही. म्हणून ती यादी सरळ वाचता आली. २००८ ते २०१४ या काळात एकशे अठ्ठेचाळीस पत्रं. त्र्याण्णवांना मी उत्तर दिलं होतं. उरली पंचावन्न.

मी आत्याला फोन केला. ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि ऐकायला चांगलं येतं.

"तुझ्या सेंटमध्ये असतील ना गं पत्रं?"

"मी पुसते की. पाठवलं की झालं. पत्र पेटीत टाकल्यावर आत हात घालून परत काढतं का कोणी?"

मग मी 'पाउस' विचारला. ती इतकी हसली की फोन लांब धरावा लागला. त्या जुन्या फॉन्टमध्ये दीर्घ ऊ कुठल्या कळांवर आहे ते तिला कधी सापडलंच नाही. चार वर्षं. शिकवणाऱ्या मुलानं कळांचा कागद दिला होता, त्यावर तेवढ्याच ठिकाणी शाई पसरलेली होती, आणि पुन्हा विचारायची लाज वाटली.

"दुरुस्त करू?"

"अजिबात नको. माझी चूक नाहीच ती. कागदाची आहे."

मी दुरुस्त केलेलं नाही. 'सूयर्' तेवढे सरळ केले, आणि मुखवट्यातल्या मूळ फाइली फॉन्टसकट शेजारी ठेवल्या आहेत.

मग तिलाच सुचलं. म्हणाली, यादी आहे ना, वाच. मी फोन स्पीकरवर टाकला, नव्या कॉम्प्युटरवर कोरी फाइल उघडली आणि पंचावन्नपैकी पहिला विषय वाचला.

"'खिडकी'. ऑगस्ट २०१०."

"कुठली खिडकी?"

"तुझीच असेल. मी कशी सांगू?"

थोडा वेळ गेला. "हां. काच फुटली होती बघ. समोरची पोरं कबूल करायला आली. चौघं. आणि चौघंही म्हणतायत, मीच मारला बॉल. एकालासुद्धा दुसऱ्यावर ढकलायचं नव्हतं. मी म्हटलं, अरे बॉल एक होता ना?"

मी टाइप करत होते. "असंच लिहिलं होतंस?"

"लिहिलं काय होतं ते मला काय ठाऊक? झालं होतं असं."

'चष्मा' तिला आठवला नाही. 'नवीन मास्तर' आठवला, पण तो सांगण्यासारखा नव्हता म्हणे. 'गुडघा', 'गुडघा २', 'गुडघा ३' हे तिनं एका वाक्यात संपवले. "दुखत होता, दुखत होता, आणि अजून दुखतोय." 'शेजारचं कुत्रं' या विषयाची तीन पत्रं होती, आणि त्यावर ती पाऊण तास बोलली. मूळ तिन्ही पत्रं मिळून एवढी मोठी नसणार. त्या कुत्र्याला एका पत्रात तिनं भित्रं म्हटल्याचं मला पक्कं आठवतं. परवा फोनवर तेच कुत्रं शूर झालं होतं. मी ती म्हणाली तसं लिहून घेतलं.

एका बैठकीत एवढं झालं नाही. तीन रविवार झाले. तिसऱ्या रविवारी मी यादीत खाली सरकले आणि क्षणभर थांबले.

"वाच की."

"'तुझ्या आईबद्दल'. मार्च २०१२."

तिकडून काही आवाज नाही. खुर्ची सरकल्यासारखी वाटली.

"त्याला उत्तर नव्हतं दिलंस तू."

"नाही."

मला ते पत्र आठवतं. उत्तर का दिलं नव्हतं, तेही.

"हं," आत्या म्हणाली. "गेलं ते बरं झालं. पुढचं वाच."

पुढचं होतं 'शब्दकोडं, उभा १४'.